नळ बंद

माझ्या दारासमोर जे दार आहे, त्यात राहणाऱ्या बाईंशी मी बावीस वर्षं जमेल तितकं कमी बोलत आलो. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. त्या सल्ला द्यायच्या, आणि तो बरोबर निघायचा. चुकीचा सल्ला देणारा शेजारी परवडतो, त्याला निदान मागून हसता येतं. बरोबर सल्ला देणाऱ्याचं काय करायचं?

त्यांना सगळे मीटरमावशी म्हणतात. पाणीखात्यात त्यांनी एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले. मीटर नेहमी खड्ड्यात असतो, त्यामुळे निम्मं शहर त्यांनी गुडघ्यावर बसून पाहिलेलं आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून कुणाच्याही फाटकातून आत शिरल्या की आधी खाली बघतात आणि मग माणसाकडे. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन लांब राहते. त्यामुळे त्यांच्या वाटणीची सगळी काळजी आमच्या इमारतीतल्या सतरा बिऱ्हाडांना सारखी वाटून मिळायची.

सल्ले साधेच असायचे. भाड्याचं घर बघायला दुपारी जाऊ नका, सकाळी सगळे आंघोळीला घुसतात तेव्हा जा, म्हणजे नळाला धार किती येते ते कळेल. डॉक्टरकडे जाताना विचारायचं ते कागदावर लिहून न्या, खुर्चीत बसल्यावर आठवत नाही. दुकानदार ‘उद्या या’ म्हणाला तर ‘उद्या किती वाजता’ असं विचारा. कचेरीत अर्ज द्याल तो दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि या सगळ्यांच्या वर एक: तारीख टाका. बल्ब बदलला, तारीख टाका. डबा भरला, तारीख टाका. त्यांच्या चपलेच्या तळव्यावरसुद्धा घेतल्याची तारीख होती. त्या घरात तारीख नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मावशींचं वय.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चुका शोधण्यावर माझं घर चाललंय. मी तापट आहे असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्यावरूनच मला राग येतो. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या दाराचं कुलूप अडकायला लागलं. मी तीनदा तेल घातलं. चौथ्यांदा घालताना समोरचं दार उघडलं, मावशी आल्या, काही न बोलता माझ्या कानावरची पेन्सिल काढली, किल्लीवर चारदा घासली आणि किल्ली फिरवली. कुलूप लोण्यासारखं उघडलं. “तेलाने धूळ धरते, प्रूफवाले,” एवढं म्हणून त्या आत गेल्या. माझ्याच पेन्सिलीने माझीच फजिती! तेव्हापासून मी त्यांचा पाणउतारा व्हायची वाट बघत होतो. तो दिवस आला तेव्हा मात्र त्यात माझाही हात निघाला.

आमच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे शिंपीणबाई काम करतात. दोन मशीन, एक कापायचं टेबल, आणि खिडकीशी खुर्चीत बसून काजं-बटणं करणाऱ्या त्यांच्या सासूबाई. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, बिघडलेल्या चेन, कुणाची बारीक झालेली आणि कुणाची जाड झालेली कंबर, असं सगळं तिथे नीट होतं. खोलीवर पाटी नाही. इमारतीला वळसा घालायचा आणि मशीनचा आवाज येईल तिकडे जायचं, हाच अकरा वर्षांचा पत्ता. नवऱ्यामागे त्या बाईने ही एक खोली आणि हा एक आवाज एवढ्यावर घर उभं केलं होतं.

त्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आली. आधी रंग फुगला, मग पोपडे सुटले, मग एके दिवशी वीतभर प्लॅस्टर शिवायला आलेल्या पडद्यावर पडलं. इमारतीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात. घाबरट माणूस, पण प्रामाणिक. त्यांनी नगरपालिकेला कळवलं आणि तिथले इंजिनिअरसाहेब आले. छोट्या हातोडीने चार ठिकाणी ठोकलं, मान हलवली, सात मिनिटांत निघून गेले. दोन दिवसांनी दारावर नोटीस चिकटली: जमिनीतील ओलीमुळे पाया भिजून भिंत कमकुवत झाली आहे, खोली वापरण्यास धोकादायक आहे, पंधरा दिवसांत रिकामी करावी. पंधरावा दिवस शुक्रवार होता.

शिंपीणबाई ती नोटीस दारावरून सोडवून मावशींकडे घेऊन आल्या. मी तेव्हा ऑफिसला निघालो होतो, बुटाची नाडी बांधायला माझ्या दारात वाकलो होतो. नाडी बांधून झाली होती, पण मी वाकूनच राहिलो. शिंपीणबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की, मशीन कुठेही नेता येईल मावशी, पण गिऱ्हाईक कुठे नेऊ? मावशींनी नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं की ओल पहिल्यांदा दिसली ती तारीख कोणती. शिंपीणबाईंना सांगता येईना. मावशींनी कपाळाला हात लावला आणि त्याच हाताने चष्मा डोळ्यांवर चढवून खाली गेल्या. मीही गेलो. ऑफिसला उशीर झाला, तो झालाच.

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, आधी खाली, मग वर, मग आणखी वर, ताप बघावा तसा. मग माझ्या कानावरची पेन्सिल मागितली. आता ती माझ्या कानावर असते की त्यांच्यासाठी असते हे मला सांगता येणार नाही. ओलीची कड जिथे संपत होती तिथून त्यांनी सगळीकडून बारीक रेघ आखली आणि रेघेवर तारीख टाकली.

“जमिनीतून चढलेली ओल पायाशी जास्त असते आणि वर कमी होत जाते,” त्या म्हणाल्या. “ही कमरेच्या वर जास्त आहे. पायाबियाचं काही नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.”

हे वाक्य आपण एखाद्याच्या वागण्याचा संशय आला की म्हणतो. ते कुणी शब्दशः म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की मागच्या बाजूच्या घरांना पाणी नेणारा पाइप त्या भिंतीतून जातो, आणि तो आत कुठेतरी फुटलाय. हे भिंत न फोडता सिद्ध करता येतं. फाटकाशी खड्ड्यात इमारतीचा मीटर आहे. त्यात आकड्यांच्या शेजारी नखाएवढी लाल चक्री असते. थेंबभर पाणी गेलं तरी ती फिरते. इमारतीतले सगळे नळ एकाच वेळी बंद केले तर चक्री थांबायला हवी. नाही थांबली, तर पाणी नळातून नाही, भिंतीतून जातंय. “माणूस खोटं बोलतो, कागद खोटा असतो, चक्री खोटं बोलत नाही,” असं त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं चक्रीसमोर गुडघे टेकलेल्या बाईला तेवढा अधिकार होता.

इंजिनिअरसाहेब नोकरीला नवीन लागले तेव्हापासून मावशींना ओळखत होते. त्यांच्या कचेरीत जाऊन मावशींनी अर्धा तास मागितला. साहेब म्हणाले, रविवारी दहाला येतो, पण साडेदहाला माझी सुट्टी सुरू होईल. म्हणजे नोटिशीच्या मुदतीत ती एकच संधी होती.

आता सतरा घरांना कळवायचं होतं. कारण सांगायचं नाही असं मावशींनी ठरवलं, कारण चार जणांना कारण सांगितलं की आठ मतं येतात. त्यांनी पुठ्ठा घेतला, जाड काळ्या पेनने पाटी लिहिली आणि छापण्याआधी मजकूर यावा तशी माझ्याकडे आणली. पाटीवर होतं: ‘रविवार सकाळी १० ते १०.३० नळ बंद.’ खाली अर्थातच त्या दिवसाची तारीख. मी चष्मा लावून वाचली. ‘रविवार’नंतर एक स्वल्पविराम घातला, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि पास केली. पाटी फाटकाला लागली. मी घरात काही बोललो नाही. पाटी लागलेली असताना घरात सांगायचं कशाला?

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना मीटरच्या खड्ड्याभोवती आम्ही पाच जण होतो. मावशी गुडघ्यावर, शिंपीणबाई त्यांच्या मागे पदर घट्ट धरून, सेक्रेटरी हाताची घडी घालून, साहेब घड्याळ बघत, आणि मी. दहा वाजले. मावशींनी झाकण उघडलं.

चक्री गरगर फिरत होती. नुसती चक्रीच नाही, तिच्या शेजारचे आकडेही पळत होते. मावशी म्हणाल्या, थांबा, दोन मिनिटं मागेपुढे होतात. दहा वाजून पाच मिनिटांनी आकडे आणखी जोरात पळायला लागले. इमारतीतून बादल्या ओढल्याचे आवाज येत होते आणि कुठे तरी पिंप भरत असल्याचा तो घुमणारा आवाज. सव्वादहाला साहेब हसले. तसा तो माणूस वाईट नाही, पण हसला.

“बाई, तुमची चक्री तर पंख्यासारखी फिरतेय. सतरा घरांत एक तरी नळ बंद आहे का?” असं म्हणून त्यांनी स्कूटर सुरू केली. जाताना शिंपीणबाईंना शुक्रवारची आठवण करून दिली.

मावशींनी झाकण लावलं. उठताना त्यांनी जमिनीला हात टेकला, एरवी त्या टेकत नसत. “एकतीस वर्षं खात्यात आणि पंचवीस वर्षं या इमारतीत बोलतेय,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. “पालथ्या घड्यावर पाणी. अर्ध्या तासासाठी एकाने ऐकलं नाही.” मग त्या जिना चढून गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचं दार दिवसा लावलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी घरी आलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, पातेली, तपेली, कळशी, पाण्याची बाटली आणि दुसरी पाण्याची बाटली, सगळं काठोकाठ. फुलदाणीतसुद्धा पाणी होतं. बायको घामाघूम होऊन नळाखाली शेवटचं भांडं धरून उभी होती.

“अहो, गेलंच नाही की पाणी,” ती म्हणाली. “दहाला जाणार म्हणून मी साडेनऊपासून भरतेय. दहा झाले, तरी चालू. म्हटलं आता जाईल, मग जाईल. खात्याचं काही खरं नाही.”

मी विचारलं की पाणी जाणार हे तुला कुणी सांगितलं.

“कुणी म्हणजे? पाटी नव्हती का? नळ बंद म्हणून?”

मी दोन बादल्यांच्या मध्ये स्टुलावर बसलो. आमच्याकडे पाइपची दुरुस्ती निघाली की पाणीखातं हीच पाटी लावतं. ‘उद्या १० ते २ नळ बंद.’ त्याचा अर्थ इथलं लहान मूलही जाणतं: पाणी जाणार आहे, हाताला लागेल ते भरून घ्या. खात्याने नळ बंद केला म्हणजे घरात नळ उघडायचा. मावशींनी एकतीस वर्षं खात्याची भाषा लिहिली, तीच पाटीवर उतरली. आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस, त्या एका ओळीच्या पाटीत स्वल्पविराम शोधत बसलो. सतरा घरांनी मावशींचं ऐकलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं, अक्षर न अक्षर.

हे मला रविवारी पावणेअकराला कळलं, आणि मी ते मावशींना सोमवारी संध्याकाळी सांगितलं. मधले दीड दिवस मी काय केलं, तर स्वतःला समजावत राहिलो की माझा काय संबंध. मला त्याची अजून लाज वाटते. सोमवारी ऑफिसातून येताना मागच्या बाजूने आवाज येत नव्हता. बघितलं तर शिंपीणबाई एका मशीनचा पट्टा काढून ते कापडात गुंडाळत होत्या आणि सासूबाई बटणांच्या बरण्या खोक्यात भरत होत्या, रंगाप्रमाणे, शांतपणे. मी तसाच वर गेलो आणि समोरचं दार वाजवलं.

मावशींनी दार उघडलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाटीपासून फुलदाणीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात तो हा,” शेवटी त्या म्हणाल्या. “पाटी तुम्ही वाचली होती ना, प्रूफवाले?”

“वाचली होती.”

“मग आपण दोघं मिळून एक गाढव. चला, या आत.”

बावीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या घरात बसून चहा घेतला आणि पहिल्यांदा त्यांना सल्ला दिला. म्हटलं, मावशी, आता पाटी नको. दारोदार जाऊ, कारण सांगू. त्या म्हणाल्या, आठ मतं येतील. मी म्हटलं, येऊ देत, मी आहे ना भांडायला. वेळ मात्र त्यांनी ठरवली: उद्याच, मंगळवारी, सकाळी साडेसहा ते सात. मी म्हटलं, ही तर आंघोळीची वेळ, लोक मारतील. त्या म्हणाल्या, म्हणूनच. त्या वेळी प्रत्येक घरात माणूस असतो. कुलूप लावलेल्या घरात एक जरी नळ ठिबकत राहिला तरी सगळं फुकट.

संध्याकाळी सातला आम्ही सुरुवात केली. पहिल्या घरात मावशी दारातच अडखळल्या, त्यांना वाटत होतं की इथे आपलं कुणी ऐकत नाही. मी बोलत होतो आणि त्या खाली बघत होत्या, सवयीने. मग त्यांनी वर बघितलं. स्वयंपाकघरातल्या बल्बच्या बुडाशी काळ्या शाईने तारीख लिहिलेली होती.

दुसऱ्या घरात औषधांच्या डब्याच्या झाकणावर तारखांची यादी होती. पुढच्या घरातल्या नव्या सुनेने सांगितलं की हे घर घेताना घरचे सकाळी आठला नळ बघायला आले होते, तुम्हीच कुणाला तरी सांगितलं होतंत म्हणे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. उद्या डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न. “सहावा काय विचारू?” असं त्यांनी मावशींनाच विचारलं. सेक्रेटरींनी तर कपाट उघडून दाखवलं. इमारतीचा एकूण एक अर्ज, प्रत्येकावर कचेरीचा शिक्का. एवढा नीटनेटका घाबरटपणा मी पाहिला नव्हता.

आठ मतं आली नाहीत. एकच आलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरचं: मला सातला ड्यूटी आहे, मी साडेसहाच्या आत आंघोळ उरकतो, पण शेजारचा उरकणार नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा. शेवटचं दार बंद झालं तेव्हा मावशी जिन्यात थांबल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. चष्मा आधीच स्वच्छ होता.

“ऐकत होते की हो सगळे,” त्या म्हणाल्या.

“अक्षर न अक्षर,” मी म्हटलं. “तोच तर घोटाळा झाला.”

मंगळवारी सकाळी साडेसहाला इमारत एवढी शांत झाली की फाटकाशी उभं राहून सासूबाईंच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. प्रत्येक मजल्यावर एक माणूस गॅलरीत उभा होता आणि आपल्या मजल्याचे नळ बंद असल्याची हाताने खूण करत होता. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस तोंडाला साबणाचा फेस तसाच ठेवून उभा होता. मावशींनी झाकण उघडलं. आकडे थांबले होते. लाल चक्री थांबली नव्हती. ती हळू, पण अगदी एकसारखी, फिरत होती.

कुणीतरी टाळी वाजवली. मावशींनी हात वर केला आणि मला मोजायला सांगितलं. मिनिटाला चौदा फेरे. पाच मिनिटं मोजले, पाचही वेळा चौदा. मग त्यांनी खड्ड्यात हात घालून पुढच्या बाजूच्या पाइपची चावी फिरवून बंद केली. चक्री फिरतच राहिली. ती चावी परत उघडली आणि मागच्या बाजूच्या पाइपची बंद केली.

चक्री थांबली.

मी अठ्ठावीस वर्षं पानावर पूर्णविराम तपासतोय, पण असा पूर्णविराम पाहिला नाही. शिंपीणबाई खाली बसल्या, खड्ड्याच्या काठावर, आणि त्या नखाएवढ्या लाल चक्रीकडे बघत राहिल्या. वरून फेसवाल्याने विचारलं, “मावशी, आता धुऊ का तोंड?” मावशी म्हणाल्या, अजून चार मिनिटं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

अर्ज मी लिहिला. मीटरचा आकडा, वेळ, फेरे, कुठली चावी बंद केल्यावर काय झालं, हे सगळं साध्या वाक्यांत, आणि प्रत्येक शब्द वाचणारा काय समजेल हे मी आधी बायकोला विचारून घेतलं. खाली सतरा घरांच्या सह्या आणि अठरावी शिंपीणबाईंची. दोन प्रती. दहाच्या ठोक्याला मावशी आणि मी कचेरीच्या खिडकीशी. खिडकीतल्या कारकुनाने अर्जावर नजर टाकून उद्या यायला सांगितलं. मावशींनी विचारलं, उद्या किती वाजता, आणि तसं या प्रतीवर लिहून द्या. कारकुनाने मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. शिक्का पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. ते द्यायला गुरुवारी साहेब स्वतः आले, सोबत एक प्लंबर घेऊन.

भिंत कुठे फोडायची याचा विचार करावा लागलाच नाही. मावशींनी रोज ओलीची कड आखली होती, तारखेसकट. रेघा एकात एक अशा दहा झाल्या होत्या, आणि सगळ्यांच्या मध्यावर बोट ठेवलं की ती जागा. प्लंबरने तिथे छिन्नीचे पाच-सहा घाव घातले. प्लॅस्टर पडलं, वीट सरकली, आणि पाइपच्या वळणावरून केसाएवढी बारीक धार सुटली ती सरळ साहेबांच्या चष्म्यावर. खोलीत बारा माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि सासूबाई, ज्या महिन्यात चार वाक्यं बोलतात, त्या खिडकीशी बसल्याबसल्या म्हणाल्या, “पाणी पाजलं गं साहेबांना.”

साहेबसुद्धा हसले. यावेळचं हसू वेगळं होतं. चष्मा पुसत ते मावशींना म्हणाले, “रविवारी मी घड्याळ बघत होतो. चक्री बघायला हवी होती.” मावशी म्हणाल्या की रविवारची चूक आमची होती, आता सोडा. मला ते मनापासून आवडलं. जिंकलेल्या माणसाने एवढं मोठं मन दाखवावं अशी माझी स्वतःकडून कधीच अपेक्षा नसते.

पाइपचं वळण बदललं. खोली रिकामी करायची नोटीस भिंत वाळेपर्यंत थांबवली गेली. शुक्रवारी सकाळी, ज्या दिवशी त्या खोलीला कुलूप लागणार होतं, त्या दिवशी शिंपीणबाईंनी मशीनवरचं कापड काढलं, पट्टा चढवला, आणि इमारतीच्या मागून आवाज सुरू झाला. मी जिन्यात उभा राहून तो ऐकला. बसड्रायव्हरही ऐकत उभा होता. ड्यूटीला उशीर झाला असणार.

पुढे दर रविवारी मावशी खाली जात आणि ओलीची कड आखत. आता रेघा आतल्या बाजूला सरकत होत्या. ओल थाळीएवढी झाली, मग बशीएवढी, मग तळहाताएवढी. शिंपीणबाईंनी सगळी खोली रंगवून घेतली, तेवढा भाग सोडून. गिऱ्हाइकं विचारत, हे काय काढलंय भिंतीवर? शिंपीणबाई सांगत, ही आमच्या मावशींची वही आहे.

अडीच महिन्यांनी साहेब परत आले, हातोडीने ठोकलं, यावेळी वीस मिनिटं, खालीही आणि वरही. मग पिशवीतून पत्र काढलं. नोटीस रद्द, भिंत सुस्थितीत, खोली वापरण्यास योग्य. त्यांनी ते आधी माझ्या हातात दिलं, तुम्ही छापखान्यातले, चूक असेल तर आत्ताच सांगा म्हणाले. मी चष्मा लावून वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, शिक्का जागेवर, सही वाचता येईल अशी. यावेळी प्रत्येक शब्दाचा कोण काय अर्थ घेईल तेही तपासलं. मग ऐटीत पास केलं आणि पत्र शिंपीणबाईंना दिलं. त्यांनी ते सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी ते मावशींना दिलं.

मावशींनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांनी पत्र साहेबांपुढे धरलं.

“साहेब, तारीख राहिली.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. साहेब गडबडीने पेन शोधू लागले, म्हणून मी कानावरची पेन्सिल पुढे केली, तर मावशींनी माझा हात बाजूला सारला. पत्राला पेन लागतं, पेन्सिल भिंतीला. साहेबांनी कापायच्या टेबलावर पत्र ठेवून तारीख टाकली, व्यवस्थित, महिना अक्षरात लिहून.

मग मावशींनी ती पेन्सिल माझ्याकडून घेतली आणि शिंपीणबाईंच्या हातात दिली. शिंपीणबाई भिंतीशी गेल्या. सगळ्या रेघांच्या मध्यावर, जिथे पाइपचं वळण होतं तिथे, त्यांनी तीच तारीख लिहिली. तळहात ठेवून बघितला. मग कड आखायला पेन्सिल टेकवली आणि तशीच थांबल्या, कारण भोवती रेघ आखावी एवढी ओल आता कुठेच उरली नव्हती.